गोरखी ते मांडवी

ग्वाल्हेरहून समुद्र गाठायचा तर सर्वांत सोपी गाडी मंगला एक्सप्रेस. सकाळी ग्वाल्हेरला चढायचं, झाशी, भोपाळ, भुसावळ मागे टाकत रात्र काढायची, पहाटे कल्याण येतं, मग पनवेल, आणि तिथून कोकण रेल्वेच्या रुळांवरून रत्नागिरी. गाडी बदलावी लागत नाही. आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांना हे ठाऊक नाही. समुद्र म्हटलं की आमच्याकडे गोवा, देवदर्शन म्हटलं की उज्जैन-ओंकारेश्वर, आणि इतिहास म्हटलं की घराजवळचाच किल्ला, जिथे पाहुणे आल्याशिवाय कोणी चढत नाही. या तीन गोष्टींसाठी तीन वेगळ्या सुट्ट्या लागतात, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

आम्ही राहतो गोरखीच्या मागच्या भागात. गोरखी म्हणजे महाराज बाड्याला लागून असलेला शिंद्यांचा जुना वाडा. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि छावणीचं शहर झालं, ते लश्कर. राजघराणं पुढे जयविलासमध्ये राहायला गेलं; देवघर मात्र गोरखीतच राहिलं आणि दसऱ्याची पूजा अजून तिथे होते. गोरखीतल्या शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले. आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये मराठी घरं आहेत. कोणी शिलेदाराच्या वंशातले, कोणी कारकुनाच्या, कोणी भिक्षुकाच्या. माझ्या पिढीपर्यंत घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असा रिवाज होता. मुलाच्या पिढीला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत येतं.

जानेवारीत मुलाची सेमिस्टर संपली होती, लश्करमध्ये दुपारपर्यंत धुकं हटत नव्हतं आणि सासूबाईंचे गुडघे थंडीने आखडले होते. समुद्राकडे जायचं एवढं ठरलं आणि मग मागण्या सुरू झाल्या. मुलाला किल्ला चढायचा होता, वाळूवर चालायचं होतं, समुद्रात उतरायचं होतं. सासूबाईंना टिळकांचं जन्मघर, पावस आणि गणपतीपुळे. नवऱ्याला संगीत: आर्ट सर्कल ही रत्नागिरीची संस्था जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरवते, हे तो बरीच वर्षं ऐकून होता. मला कोकणातली कातळशिल्पं पाहायची होती. एका शहराच्या आसपास हे सगळं मिळतं, म्हणून रत्नागिरी. शेजाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे तीळ-गुळाची गजक बांधून घेतली नाही. या वेळी ती पुढे ज्यांच्या घरी उतरणार होतो त्यांच्यासाठी घेतली.

कोकण रेल्वेबद्दल मी वाचलं होतं, पण खिडकीत बसून तो मार्ग पाहणं वेगळं. पनवेलनंतर दर थोड्या वेळाने बोगदा, मग पूल, खाली नदी, मग पुन्हा बोगदा. सर्वांत लांब करबुड्याचा बोगदा रत्नागिरीच्या थोडं आधी लागतो, साडेसहा किलोमीटरचा. डब्यातले दिवे लागतात, बोलणं थांबतं आणि लोक बाहेरच्या अंधाराकडे पाहत राहतात. या मार्गावरून संपूर्ण वाहतूक सुरू झाली ती १९९८ मध्ये. त्याआधी रत्नागिरीला यायचं तर घाट उतरून किंवा बोटीने. बोगद्यात असताना ही गोष्ट माझ्या डोक्यात फारशी शिरली नव्हती. दोन दिवसांनी थिबा राजवाड्यात शिरली.

आम्ही मांडवीजवळ एका घरगुती निवासात उतरलो. लाल चिऱ्याचं घर, मागे नारळ, पुढे आंब्याचं झाड मोहराने भरलेलं. आंब्याचा हंगाम एप्रिल-मेचा; जानेवारीत येणाऱ्याने फळाची आशा धरू नये, पण संध्याकाळी त्या मोहराचा वास घरभर पसरतो. घरमालक काका आयुष्यभर बंदरावर वावरलेले. मुलाने आल्या आल्या समुद्राकडे कधी जायचं ते विचारलं, तेव्हा त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"आजी, आज तिथी कोणती?"

"दशमी," सासूबाई ताबडतोब म्हणाल्या. पंचांग त्यांच्या पिशवीत असतंच.

"मग तिची पाऊणपट करा. दहाची पाऊणपट साडेसात. भरती साडेसातला, सकाळीही आणि संध्याकाळीही. थोडं इकडेतिकडे होतं, पण हिशेब चुकत नाही."

सासूबाईंनी तिथल्या तिथे पुढच्या सगळ्या दिवसांचा हिशेब केला. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास, सूर्यास्ताच्या आधी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. ज्या पंचांगाने आमच्या घरी एकादशी आणि श्राद्धाच्या तारखा ठरतात त्याच पंचांगाने आता आमची सुट्टी ठरू लागली. आमच्यात भरती-ओहोटीचं गणित चटकन सांगू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि ती वयाने सर्वांत मोठी. त्या दिवसापासून मुलगा सकाळी उठला की आधी आजीला विचारायचा.

कोणाही प्रवाशाला मी हेच सांगेन: किनाऱ्यावरच्या गावात दिवस घड्याळावर आखू नका, आधी भरती पाहा. ओहोटी असेल तेव्हा वाळूवर चाला; भरती चढलेली असेल आणि ऊन तापलेलं असेल तेव्हा वाचनालय, संग्रहालय, देऊळ, जुनं घर. मैदानी हौस आणि सांस्कृतिक हौस यांची भांडणं बहुतेक वेळा वेळेवरून होतात, आणि इथे वेळ समुद्रच वाटून देतो. मांडवीची वाळू काळी. रत्नदुर्गाच्या पलीकडच्या किनाऱ्याची पांढरी, म्हणून त्या दोन बाजूंना गावात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र म्हणतात. भाट्याचा किनारा खाडीपुलापलीकडे सरळ पसरलेला, मागे सुरूचं बन. पौर्णिमेच्या जवळ ओहोटीला तिथे पाणी इतकं मागे हटतं की ओल्या कडक वाळूवर सासूबाईसुद्धा काठी न घेता चालल्या. लश्करच्या उखडलेल्या रस्त्यांवर त्यांना हे जमत नाही.

थिबा राजवाडा मात्र मला सावकाश सांगायचा आहे.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला राणी सुपायालतसह बोटीवर चढवलं. आधी मद्रास, मग १८८६ मध्ये रत्नागिरी. राजा तेव्हा विशीत होता. वर्षानुवर्षं तो भाड्याच्या बंगल्यांमध्ये राहिला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात तो तिथेच वारला. तीस वर्षं. १९१९ मध्ये राणी मुलींना घेऊन रंगूनला परतली. राजाची समाधी रत्नागिरीतच राहिली. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले.

राजवाडा टेकाडावर आहे. उतरती कौलं, लाकडी कोरीव कामाच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या, लांब गॅलऱ्या. वरून काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल आणि त्यापुढे समुद्र दिसतो. जवळच थिबा पॉइंट आहे. लोक सूर्यास्त पाहायला येतात, भेळ खातात, फोटो काढतात. आम्हीही तिथे बराच वेळ उभे होतो. देखावा खरोखर सुंदर आहे. आणि तिथे उभं असताना मला कळलं की ज्या गोष्टीसाठी आम्ही दीड दिवसाचा प्रवास करून आलो होतो, ती अथांग मोकळी जागा, तिच्यासाठीच राजाला इथे आणलं होतं. पुढे समुद्र, मागे सह्याद्री, रेल्वे नाही. इथून पळून जाणार कुठे, आणि सोडवायला येणार तरी कोण? अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' या कादंबरीत राजा दुर्बिणीतून समुद्रावरची गलबतं पाहत बसतो. कादंबरीतलं चित्र असलं तरी त्या टेकाडावर ते पटतं.

ग्वाल्हेरच्या माणसाला ही जागा परकी वाटत नाही. आमचा किल्ला मोगलांचा तुरुंग होता. गुरू हरगोबिंदांना जहांगीरने तिथे ठेवलं. आज तिथे दाता बंदीछोड गुरुद्वारा आहे. औरंगजेबाने भाऊ मुराद याला तिथे कैदेत ठेवून १६६१ मध्ये मारलं. खडकाचा कडा उभा होता म्हणून तुरुंग तिथे. मी लहानपणापासून त्या किल्ल्यावर सहलीला गेले आहे, मानमंदिराच्या निळ्या फरशीसमोर फोटो काढले आहेत, पण डबा खायला जी मोकळी गच्ची निवडली तीच कैद्याची सीमा होती हे मनात कधी आलं नव्हतं. ते रत्नागिरीत आलं. आणखी एक अदलाबदल मला राहून राहून आठवत होती: १८५८ मध्ये बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला नेलं आणि तो १८६२ मध्ये तिथे वारला, आणि जफर निघाल्याच्या सत्तावीस वर्षांनी ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात आला. ज्या १८५८ मध्ये जफर निघाला त्याच वर्षीच्या जूनमध्ये आमच्या फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाई पडली. तिच्या सासरचे नेवाळकर मूळचे याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातल्या कोटचे. सासूबाईंनी हे राजवाड्याच्या पायरीवर बसून मुलाला सांगितलं. लहानपणी तो समाधीवर अनेकदा गेला आहे, पण तिचं नाव कोकणातल्या एका गावाशी जोडलेलं आहे हे त्याने पहिल्यांदा ऐकलं.

मला सर्वांत जास्त लागली ती थोरल्या राजकन्येची गोष्ट. फाया हिचं इथल्याच गोपाळ सावंत नावाच्या माणसाशी नातं जुळलं. ती ब्रह्मदेशात जाऊन परत रत्नागिरीला आली आणि इथेच राहिली. तिची मुलगी टूटू रत्नागिरीत वाढली, इथल्या माणसाशी लग्न करून गरिबीत संसार केला आणि मराठीच बोलत राहिली. मंडालेच्या राजाची नात, आणि तिची भाषा मराठी. आमच्या घरी उलटं चाललं आहे. सात-आठ पिढ्यांपूर्वी घाट ओलांडून उत्तरेला गेलेल्या माणसांचा नातू मराठीतल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देतो. मी यावर काही बोलले नाही. पण राजवाड्यातल्या संग्रहालयातून बाहेर पडताना मुलाने रिक्षावाल्याला मराठीत विचारलं, "दादा, मांडवीला किती घेणार?" रिक्षावाल्याने भाडं सांगितलं आणि विचारलं, "कुठून आलात?" "ग्वाल्हेर." "मग मराठी कशी काय बोलता?" "आम्ही मराठीच आहोत," मुलगा म्हणाला. हे वाक्य मी त्याच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं, कारण ग्वाल्हेरमध्ये ते कोणी विचारत नाही.

महोत्सवाची संध्याकाळ त्याच आवारात. मागे राजवाडा उजळलेला, पुढे मोकळ्या पटांगणात खुर्च्या, वर जवळजवळ पूर्ण चंद्र. खाडीकडून वारा यायचा आणि तंबोऱ्याचा आवाज मधूनच पातळ व्हायचा. आमच्याकडे डिसेंबरात तानसेन समारोह होतो. शाली गुंडाळून, हात चोळत ऐकायचा असतो तो. इथे लोक साध्या सुती कपड्यांत उघड्यावर बसले होते. नवऱ्याच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते. आम्ही ग्वाल्हेरचे म्हटल्यावर त्यांनी सरळ विषयाला हात घातला: बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेर गायकी शिकून आले नसते तर दक्षिण महाराष्ट्रात ख्याल एवढा रुजला असता का? बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींकडे शिकले, वासुदेवबुवा हस्सूखाँचे शिष्य. आणि बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. ही साखळी नवऱ्याला पाठ आहे. पण लश्करमध्ये ती आम्हाला आमच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. इथे समोरचा माणूस ती घेणाऱ्याच्या बाजूने, कृतज्ञतेने सांगत होता. मध्यंतरात दोघं चहा घेत उभे होते ते पुढचा गायक बसेपर्यंत. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान्यता दिली तेव्हा आमच्याकडे फलक लागले. त्या मान्यतेचा अर्थ नवऱ्याला त्या चहाच्या पेल्याशी जास्त कळला असं तो नंतर म्हणाला.

रत्नदुर्गावर आम्ही भल्या सकाळी गेलो. किल्ला घोड्याच्या नालाच्या आकाराचा, तीन बाजूंनी समुद्र. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आहे, दुसऱ्या टोकाला दीपगृह. १६७० च्या सुमारास तो शिवाजी महाराजांकडे आला. तटावरून चालत गेलं की एका बाजूला मिरकरवाड्याचं बंदर, रंगीत बोटींची दाटी. दुसऱ्या बाजूला खाली कड्यावर आपटणाऱ्या लाटा आणि कातळातल्या गुहेचं तोंड. तट काही ठिकाणी ढासळलेला आहे आणि कठडा नाही. मुलगा टोकापर्यंत जायला निघाला तेव्हा तिथल्या एका बाईंनी त्याला हटकलं, "दादा, वारा ढकलतो हां." ते खरंच. समुद्रावरचा वारा तटाच्या कोपऱ्यावर एकदम अंगावर येतो. सासूबाई देवळातच थांबल्या. त्यांनी ओटी भरली आणि पुजाऱ्याशी इतका वेळ बोलल्या की आम्ही सगळा तट फिरून आलो तरी त्यांचं संपलं नव्हतं.

दुपारी टिळक आळी. लोकमान्य १८५६ मध्ये या घरात जन्मले आणि दहा वर्षांचे असताना वडिलांच्या बदलीमुळे पुण्याला गेले. कौलारू घर, चिऱ्याच्या भिंती, थंडगार जमीन, परसात झाडं. घर लहान वाटलं. सासूबाईंनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. मग पतितपावन मंदिर. सावरकरांना १९२४ मध्ये येरवड्यातून सोडलं ते रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही या अटींवर. ही स्थानबद्धता १९३७ पर्यंत चालली. त्या काळात भागोजीशेठ कीर यांच्या पैशांतून हे देऊळ उभं राहिलं आणि १९३१ मध्ये सर्व जातींसाठी खुलं झालं. राजकारणाची दारं बंद केलेल्या माणसाने देवळाचं दार उघडायला घेतलं. थिबाला ज्या कारणासाठी इथे ठेवलं त्याच कारणासाठी सावरकरांनाही. आडवळणाचं, गाठायला कठीण असं गाव. हे लक्षात आलं की समुद्रकिनारा आणि इतिहास या दोन वेगळ्या यादीतल्या गोष्टी राहत नाहीत. किनाऱ्याने हा इतिहास घडवला आहे. म्हणून समुद्रात पाय बुडवून परतणारा आणि फक्त जन्मघर पाहून परतणारा, दोघंही अर्धी रत्नागिरी पाहून जातात असं मला मनापासून वाटतं.

झाडगावचं मत्स्यालय आम्ही उन्हाच्या वेळी घाईत पाहिलं. तिथला देवमाशाचा सांगाडा मात्र चुकवू नये.

दक्षिणेचा दिवस मोठा होता आणि सर्वांत भरगच्च. भाड्याच्या गाडीने भाट्याचा पूल ओलांडून आधी पावस. स्वामी स्वरूपानंद १९७४ मध्ये समाधिस्थ झाले; मंदिरात आवाज करायचा नाही हा नियम लोक आपणहून पाळतात. मुलगा तिथे इतका वेळ गप्प बसला की मला नवल वाटलं. पुढे पूर्णगडाजवळ मुचकुंदी नदीची खाडी ओलांडून गावखडी. सुरूचं बन आणि त्यापुढे लांब किनारा. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालायला येतात आणि गावकरी वनखात्याच्या मदतीने ती घरटी जाळीच्या कुंपणात सांभाळतात. घरट्यांवर तारखांच्या पाट्या रोवलेल्या होत्या. पिल्लं बाहेर पडायला साधारण पन्नासेक दिवस लागतात, म्हणजे आमच्या नशिबी ती नव्हती. मग कशेळी.

कशेळीला कनकादित्याचं, सूर्याचं देऊळ आहे आणि गावाच्या सड्यावर कातळशिल्प. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात तिथे रानफुलं असतात म्हणतात. जानेवारीत तो करपलेला, काळपट तांबडा, सावलीचं नाव नाही. चालत गेलो. टोपी आणि पाणी नसेल तर तिथे जाऊ नये. जवळ जाईपर्यंत काहीच दिसत नाही, आणि मग पायाखालचा दगड चित्र होतो. सुमारे अठरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद हत्ती, आणि त्याच्या पोटात कोरलेले प्राणी, पक्षी, मासे, किती तरी आकृत्या. शार्क, पाकट अशा समुद्रातल्या जिवांच्या आकृत्या ओळखता येतात. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंड्यासारखे, आज इथे कुठेही नसलेले प्राणीही आहेत. ही चित्रं दहा हजार वर्षांपेक्षा जुनी असावीत असं काही अभ्यासक मानतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव सडे तुडवून, गुराख्यांना विचारून ती शोधली आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. त्याआधी गावकऱ्यांना ती माहीत होतीच, पांडवांचं काम म्हणून.

मी तिथे सांगायला गेले होते आणि ऐकायची वेळ आली. मुलगा चित्राच्या कडेने चालत होता, आत पाय न टाकता, आणि एकेक आकृती मोजत होता. त्याने मला खोबणीची खोली दाखवली, ऊन कुठल्या बाजूने पडलं की रेघ उठून दिसते ते दाखवलं, आणि म्हणाला, "दगडानेच दगड घासला असणार ना? किती महिने लागले असतील?" जांभा भुसभुशीत वाटतो, पण वरचा कातळ चांगलाच टणक असतो. दुपार कलली तसं तिरपं ऊन खोबण्यांत शिरलं आणि भर दुपारी पुसट दिसली असती अशी सोंड स्वच्छ दिसू लागली. म्हणून कशेळीला दुपारनंतर जा. तिथून जवळच देवघळी. कड्याच्या कुशीत सापडलेला छोटासा किनारा, वरूनच पाहिला. परतताना खाडीवर सूर्यास्त झाला आणि गाडीत सगळे झोपले.

उत्तरेचा दिवस आरे-वारेच्या रस्त्याने. डोंगराच्या कडेने रस्ता चढतो, आणि एका वळणावर दोन किनारे एकदम खाली दिसतात. फोटोत हा रस्ता सगळ्यांनी पाहिलेला असतो, तरी तिथे गाडी थांबवावी लागतेच. गणपतीपुळ्याला देऊळ पश्चिमेकडे तोंड करून समुद्रापाशी आहे आणि प्रदक्षिणा देवळाला नसून मागच्या डोंगराला घालायची, साधारण एक किलोमीटरची. ही प्रदक्षिणा म्हणजे चांगला सकाळचा फेरफटका आहे. एका बाजूला झाडी, एका बाजूला लाटांचा आवाज. सासूबाईंनी ती अनवाणी पूर्ण केली.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. गणपतीपुळे आणि आरे-वारे इथला समुद्र पोहण्याचा नाही. तळ एकदम खोल जातो, परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि चांगले पोहणारेही बुडाल्याच्या बातम्या येत राहतात. आमच्याकडची मुलं नदीत, तलावात पोहायला शिकलेली असतात. त्या आत्मविश्वासाचा समुद्रात उपयोग नाही. किनाऱ्यावर फलक आहेत, जीवरक्षक शिट्ट्या वाजवतात. मुलगा गुडघाभर पाण्यात उभा राहिला, मग मागे आला. बोटीत बसायची हौस त्याने दुसऱ्या दिवशी जॅकेट घालून भागवली.

मालगुंड गणपतीपुळ्याहून अगदी जवळ. केशवसुतांचा जन्म इथला. त्यांच्या जुन्या घराशेजारी कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक उभारलं आहे. चौपाटीची गर्दी इथे पोचत नाही. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. दगडांवर कोरलेल्या कविता सासूबाईंनी मोठ्याने वाचल्या. शाळेत पाठ केलेल्या होत्या त्या न पाहता म्हटल्या. मुलगा मराठी अडखळत वाचतो. एका शिळेपुढे तो उभा राहिला आणि जोडाक्षरं फोडत शेवटपर्यंत वाचून मगच हलला.

जेवणाबद्दल थोडंच. मिरकरवाड्यावर संध्याकाळी बोटी लागतात तेव्हा टोपल्या उतरतात आणि लिलाव होतो. दर इतक्या वेगाने बोलले जातात की आम्हाला एकही कळला नाही. त्या मासळीतले बांगडे आणि सुरमई आमच्या घरमालक काकूंनी तव्यावर केली, तिसऱ्यांचं एकशिपी केलं, आणि सासूबाईंसाठी वेगळ्या चुलीवर घावणे आणि नारळाचा रस. सोलकढी सगळ्यांची. काकूंना आमची गजक आवडली. तीळ-गूळ त्यांच्याकडेही, पण इतका पातळ पापुद्रा कसा निघतो, हे त्यांनी दोनदा विचारलं. मुरैन्याला तीळ आणि गुळाचा गोळा कुटून कुटून काढतात, हे मी सांगितलं. गावात कुटायला कोण बसणार, असं म्हणून त्या हसल्या.

शेवटच्या सकाळी पौर्णिमा उलटून गेली होती. प्रतिपदेची पाऊणपट, म्हणजे भरती दुपारी पाऊणच्या सुमारास. मांडवीवर सकाळी चालायला वाळू मोकळी होती. गाडीला अवकाश होता. सासूबाई जेट्टीवर बसून पंचांगात काहीतरी पाहत होत्या. मला वाटलं, घरी पोचल्यावरचा एखादा उपास असेल.

"उक्षीचा कातळातला हत्ती राहिला," त्या म्हणाल्या. "जयगड राहिला. कोट राहिलं. दिवाळीनंतर यायचं असेल तर कार्तिकात अष्टमी टाळून या. भांगाला पाणी फार मागे हटत नाही."

मुलाने फोन काढून कार्तिकातल्या गाड्या पाहायला सुरुवात केली.